डावा हात

आमच्या पिंपळगाव राजात पियानो नाही. खामगाव तालुक्यातलं, कापूस, तूर आणि सोयाबीनवर जगणारं हे गाव. इथली वाद्यं म्हणजे देवळातला मृदंग, टाळ, वीणा, भजनी मंडळाची पेटी, डफडं-सनई आणि लग्नसराईत भाड्यानं आणलेला बँड. पियानो आम्ही पाहिला तो हिंदी सिनेमात, श्रीमंताच्या दिवाणखान्यात. प्रेयसीच्या साखरपुड्याच्या दिवशी नायक त्याच्यासमोर बसतो आणि भरल्या सभेत दुःखाचं गाणं म्हणतो. तरीही गावातला चाळिशी ओलांडलेला कुणीही माणूस घ्या, एका जॅझ पियानोवादकाचं काम त्याच्या कानांवरून अनेकदा गेलेलं आहे. नाव विचारलं तर मात्र त्याला सांगता येणार नाही. ते नाव लुई बँक्स.

१९८८ च्या जुलैअखेर दूरदर्शनवरचं 'रामायण' संपलं आणि ऑक्टोबरात 'महाभारत' सुरू झालं. त्या दोहोंच्या मधल्या पावसाळ्यात, १५ ऑगस्टला, 'मिले सुर मेरा तुम्हारा' आलं. गावात तेव्हा टीव्ही मोजक्या घरांत होते, आणि ज्यांच्या घरी होते त्यांच्या ओसरीवर बाकीचं गाव असे. पडद्यावर पंडित भीमसेन जोशी दिसले की म्हातारी माणसं सावरून बसत. तनुजा दिसली आणि मराठी ओळ आली की पोरं ओरडत. शेवटी लताबाईंचा आवाज यायचा आणि चित्र हलायला लागलं असेल तरी कुणी अँटेना फिरवायला उठायचं नाही. चौदा भाषा त्या सहा मिनिटांत येऊन जात. त्यांतल्या बहुतेक आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो, पण गाणं परकं वाटलं नाही. त्याच्याखाली कुणाची नावं वाचल्याचं मला आठवत नाही. कल्पना सुरेश मलिक यांची, शब्द पीयूष पांडे यांचे, चाल आपल्या अशोक पत्कींची आणि संगीत संयोजन लुई बँक्स यांचं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

आज ते गाणं मी कानाला हेडफोन लावून ऐकतो तेव्हा चालीपेक्षा तिच्या खाली काय चाललं आहे तिकडे लक्ष जातं. भैरवी सरळ चालत राहते. दर ओळीला भाषा बदलते, वाद्य बदलतं, ठेका बदलतो, गळा बदलतो. काश्मीर संपून पंजाब लागतो, पुढं तमिळ येते, मग आणखी काही. इतक्या तुकड्यांचं गाणं खरं तर जागोजागी उसवायला हवं होतं. ते उसवत नाही, कारण खालून कुणीतरी स्वरांची जमीन सतत धरून ठेवली आहे आणि एका प्रदेशातून दुसऱ्यात जाताना ती अलगद वळवली आहे. हे वळवणं ज्याला जमतं त्याला सगळ्या भाषा यायची गरज नसते. खालची जमीन मात्र त्याला पुरती माहीत असावी लागते.

बँक्स यांचं मूळ नाव डंबरबहादूर बुडाप्रिथी. ११ फेब्रुवारी १९४१ रोजी दार्जिलिंगच्या एका नेपाळी घरात त्यांचा जन्म झाला. वडील पुष्करबहादूर ट्रम्पेट वाजवत. कलकत्त्याच्या क्लबांतून वाजवायचं तर नाव इंग्रजी धाटणीचं बरं, म्हणून ते जॉर्ज बँक्स झाले. मुलगाही संगीतातच आला, तेव्हा त्याला लुई आर्मस्ट्राँगवरून लुई हे नाव मिळालं. न्यू ऑर्लिन्सच्या वस्तीतला गरीब काळा पोरगा सुधारगृहात कॉर्नेट शिकतो, जगभर नाव कमावतो आणि हिमालयातल्या एका घरात मुलाच्या नावात येऊन बसतो, यात मला फार मोठं काहीतरी दिसतं. याच बुडाप्रिथी घराण्यातल्या बखतबहादूर यांनी १८९९ साली नेपाळच्या जुन्या राष्ट्रगीताची चाल बांधली होती. एका घराण्यानं एका देशाला राष्ट्रगीताची चाल दिली. त्याच घराण्यातला पुढचा माणूस शेजारच्या देशातल्या त्या गाण्यामागे उभा राहिला, ज्याला आमच्या गावानं तरी जवळजवळ राष्ट्रगीताचाच मान दिला.

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, भजनी मंडळात पेटी वाजवायचे. आता बोटं वळत नाहीत, पण कान शाबूत आहेत. मध्ये एकदा मोबाइलवर मी त्यांना बँक्स यांचं एकट्याचं वादन लावून दिलं. जॅझ हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता. चष्मा पुसून ते पडद्याकडे पाहत बसले. काही बोलतील असं मला वाटलं नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "उजवा हात त्याचा आपल्यासारखाच चालते रे. पन डावा पाह्य. डावा मोकळा हाय त्याचा."

या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस विचार केला आहे. आपल्या पेटीचा डावा हात भात्याला बांधलेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पॅरिसमध्ये हार्मोनियम तयार झालं तेव्हा त्याला पायानं हवा भरायची सोय होती आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असत. आपल्याकडे गाणाराही जमिनीवर बसणार आणि वाजवणाराही. म्हणून कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हातभात्याची पेटी केली. ती देशभर पसरली आणि वऱ्हाडातल्या देवळांतही आली. तेव्हापासून आपला डावा हात वारा घालतो आणि उजवा गातो. गंधर्व नाटक मंडळीच्या ऑर्गनचा भाता पायानं चाले, तिथं दोन्ही हात मोकळे होते, पण गायकाच्या मागे जायचं हेच काम असल्यामुळे दोन्ही हात बहुतेक एकच चाल वाजवत. आपल्या संगीताला ते पुरेसं होतं. आपल्याकडे षड्ज एकदा लागला की तंबोरा तो शेवटपर्यंत सोडत नाही. राग त्याच्या भोवती फुलतो, जमीन हलत नाही.

जॅझच्या पियानोत जमीन हलते. डावा हात तीन-चार स्वर एकदम दाबतो आणि दर थोड्या मात्रांनी ते बदलतो. वर उजव्या हातात स्वर तोच राहिला तरी त्याचा भाव पालटतो. सा, कोमल ग आणि प यांच्या सोबत षड्ज लावा, तो घरी बसलेला वाटतो. तोच षड्ज कोमल धैवत आणि कोमल गंधार यांच्या मध्ये धरा, तो वाटेला लागलेला वाटतो. स्वराला स्वतःला काही झालेलं नसतं, त्याची संगत बदललेली असते. पियानोचे ८८ स्वर, दहा बोटं आणि पायाखाली पेडल एवढ्या सामग्रीवर माणूस एकटा बसून आपल्याच चालीची संगत क्षणाक्षणाला बदलू शकतो, आणि पुन्हा पुढची चाल आगाऊ ठरवलेली नसते. आपल्या गवयासारखीच ती तिथल्या तिथं सुचते.

पेटी आणि पियानो यांचं एक दुःख मात्र सारखं आहे. दोघांनाही दोन स्वरांच्या मधली जागा नाही, मींड नाही. याच कारणानं आकाशवाणीनं १९४० साली पेटीला बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. तितकी वर्षं रेडिओवर पेटी नव्हती आणि देवळात मात्र रोज होती. मोठेबाबांच्या पिढीनं खटके आणि मुरक्या घेऊन त्या मधल्या जागेचा भास निर्माण केला. तिकडे जॅझच्या पियानोवाल्यांनी काळी आणि शेजारची पांढरी एकदम दाबून, लगेच एक सोडून, ब्लूजचा तो अर्धवट गंधार पट्ट्यांतून काढला. सात समुद्रांपलीकडच्या माणसांना एकच अडचण आली आणि त्यांनी तिच्यावर जवळपास एकच तोड काढली. मोठेबाबांना बँक्स यांचा उजवा हात ओळखीचा वाटला तो यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईत जॅझ पोहोचला तो बँक्स यांच्या जन्माआधी. १९३५ साली लिऑन ॲबी या काळ्या अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग टेडी वेदरफर्ड आला. हा खरा पियानोवादक. जन्म व्हर्जिनियातला, १९०३ चा. शिकागोत त्यानं नाव कमावलं होतं, पियानोवादक अर्ल हाइन्सच्या बरोबरीनं त्याचं नाव घेतलं जाई. १९२६ साली तो आशियाकडे निघाला, शांघायमध्ये राहिला, ताजमध्ये वाजवलं, शेवटी कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात रमला आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये तिथंच पटकीनं गेला. वय अवघं ४१. ज्या आजारानं आमच्याकडची गावंच्या गावं ओस पडली आणि वेशीवर मरीमायची देवळं उभी राहिली, त्याच आजारानं शिकागोचा हा मोठा पियानोवादक नेला. अमेरिकेतल्या जॅझच्या इतिहासात त्याला ओळभर जागा मिळते. इथं तर तीही नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

या पाहुण्यांनी पेरलेलं राखलं ते गोव्याच्या माणसांनी. तिथं गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकवत. ही मुलं मुंबईला आली, हॉटेलांत जॅझ वाजवू लागली. आल्दोना गावचे आंतोनियो शाविएर वाझ हे त्यांतले ट्रम्पेटवादक. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखे आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली, १९४९ चा कायदा झाला, हॉटेलांतल्या नाचगाण्याच्या रात्री आटल्या आणि या वादकांना पोटासाठी सिनेमाच्या स्टुडिओत जावं लागलं. तिथं त्यांना पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर भेटले, म्हणजे सी. रामचंद्र. मराठी मुलखातला हा माणूस पेटीवर चाल बांधायचा, आणि चिक चॉकलेट तिच्याखाली पितळी वाद्यांचा बँड उभा करायचे. 'अलबेला' (१९५१) मध्ये तर ते आपल्या बँडसकट पडद्यावरच दिसतात आणि त्यांच्यासमोर आपले भगवानदादा नाचतात.

त्या नाचावर महाराष्ट्रातल्या किती वराती नाचल्या! आमच्या गावातही नवरदेव घोड्यावर असताना कॉर्नेटवाल्यानं 'अलबेला'तली धून उचलली की आजोबा आणि नातू एकाच पद्धतीनं खांदे हलवत. बँडवाल्याचं ते पितळी कॉर्नेट आणि आर्मस्ट्राँगनं सुधारगृहात हाती घेतलेलं कॉर्नेट एकाच जातीचं वाद्य आहे. न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकीतला बँड आणि आमच्या वरातीतला बँड हे दोन्ही लष्करी बँडच्याच पोटी जन्मले. म्हणून जॅझ शहरातल्या शिकलेल्या लोकांचं, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. तो धुळीच्या रस्त्यानं आमच्या वेशीतून कधीच आत आला होता.

हिंदी सिनेमाच्या त्या काळात संगीतकार पेटी घेऊन बसे. उजव्या हातानं चाल वाजवी आणि गाऊन दाखवी. समोर बसलेला गोवेकर ती कागदावर उतरवून घेई आणि रात्रभर जागून व्हायोलिनांना काय द्यायचं, ट्रम्पेट कुठं घ्यायचे, पियानोनं खाली काय धरायचं ते लिहून काढी. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, आणि पियानोवर लुसिला पाशेको. पडद्यावर नाव आलंच तर सहायक म्हणून येई, पुष्कळदा तेही येत नसे. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'त प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचं नाव गाण्यात घातलं, तेव्हा कोट्यवधी लोकांनी ते म्हटलं, पण हा गोन्साल्विस खरा माणूस आहे हे त्यांतल्या किती जणांना कळलं? देशाच्या गाण्याचा उजवा हात सगळ्यांनी पाहिला. डावा या लोकांचा होता.

लुई बँक्स या परंपरेत उशिरा आले, आणि वेगळ्या वाटेनं. त्यांनी आधी गिटार आणि ट्रम्पेट हाती घेतलं, पियानो नंतर. काठमांडूत वडिलांच्या बँडमध्ये वाजवलं. मग कलकत्ता. मुंबईतले क्लब दारूबंदीनं मंदावले तरी कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर रात्री जिवंत होत्या. तिथल्या ब्लू फॉक्स रेस्टॉरंटमध्ये 'लुई बँक्स ब्रदरहुड' हा बँड वाजू लागला. गायला पॅम क्रेन, सॅक्सोफोनवर गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस. ऑस्कर पीटरसन आणि बिल इव्हान्स या पियानोवादकांच्या तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून बँक्स यांनी हात तयार केला होता. तबकडीतला एक तुकडा उचलायचा, पट्ट्यांवर शोधायचा, सुई मागं न्यायची. पुढं करमणूक कर, वीजकपात आणि नक्षलवादी चळवळीचा काळ यांमुळे पार्क स्ट्रीटचा तो बहर ओसरत गेला. ब्लू फॉक्समधल्या या पियानोची बातमी राहुलदेव बर्मन यांच्यापर्यंत गेली आणि १९७७ च्या 'मुक्ति'साठी त्यांनी बँक्स यांना बोलावलं. मग मुंबईच त्यांचं गाव झालं.

मुंबईत त्यांनी पुढची कितीतरी वर्षं जाहिरातींची गाणी केली. साबण, चहा, कापड, काय म्हणाल ते. अर्ध्या मिनिटाचं संगीत, सकाळी बांधायचं आणि संध्याकाळी द्यायचं. काही रसिक हे सांगताना हळहळतात. मी हळहळत नाही, पण मला राग येतो. हळहळ अशी की माणूस वाया गेला, आणि ते खोटं आहे. अर्ध्या मिनिटात एक रंग उभा करायचा, दुसऱ्या अर्ध्या मिनिटात अगदी वेगळा, ही त्यांची तालीमच होती आणि चौदा भाषांच्या त्या गाण्यात तीच कामी आली. राग याचा की एवढ्या मोठ्या देशानं या रचनाकाराकडून त्याचं स्वतःचं संगीत मागितलंच नाही. अर्धं अर्धं मिनिट विकत घेतलं. आपल्याकडे गवयाला संस्थानिक मिळाले, नाटक मंडळ्या मिळाल्या, गणेशोत्सव मिळाले. पियानोवर स्वतःचं काही बांधणाऱ्याला हॉटेल आणि जाहिरात एवढ्याच जागा मिळाल्या. त्या जागांत राहूनही त्यांनी जॅझ सोडला नाही. दिवसा स्टुडिओ आणि रात्री आपला पियानो, असं त्यांनी आयुष्य काढलं. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मला हे दोन पाळ्यांचं जगणं चांगलं समजतं. इथं कीर्तनकार दिवसा वखर हाकतो, आणि रात्री कीर्तनाला उभा राहिला की कुणी त्याला हौशी म्हणत नाही.

१९७८ साली निरंजन झवेरी यांनी मुंबईत 'जॅझ यात्रा' हा जॅझचा महोत्सव सुरू केला. धोबी तलावाच्या रंगभवनात, उघड्या आभाळाखाली. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवन मुकं झालं, ती वेगळी कथा. पण या यात्रेमुळे बँक्स यांना आपला खरा प्रश्न सापडला असं मला वाटतं. ब्राझ गोन्साल्विस आणि कर्नाटक संगीतातल्या गायिका रमामणी यांच्याबरोबर त्यांनी 'संगम' हा समूह केला. सॅक्सोफोन, पियानो आणि दक्षिणेची गायकी.

प्रश्न असा की रागात जे स्वर वर्ज्य, ते डाव्या हातातल्या स्वरसमूहात आले तर राग मोडतो. स्वरसमूह बदलतच गेला नाही तर जॅझ मोडतो. मग करायचं काय? एक वाट जॅझनंच दाखवून ठेवली होती. १९५९ साली ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी केली, पियानोवर बिल इव्हान्स. तिथं जमिनीचं हलणं जवळजवळ थांबवलं होतं. एकच थाट घ्यायचा आणि त्यात बराच वेळ राहायचं, म्हणजे आलापाच्या अगदी उंबऱ्याशी येऊन बसायचं. पियानोवाला डाव्या हातात खर्जाचा षड्ज तंबोऱ्यासारखा धरून ठेवू शकतो आणि मधल्या बोटांनी रागातलेच स्वर एकमेकांपासून दूर दूर ठेवू शकतो, म्हणजे ते गर्दी करत नाहीत, गाणाऱ्याला हवा राहते. 'संगम'मध्ये आणि नंतर शंकर महादेवन, शिवमणी आणि कार्ल पीटर्स यांच्याबरोबरच्या 'सिल्क'मध्ये बँक्स यांचा डावा हात ऐकावा. गाणारा तानेत शिरला की तो मागं सरतो, समेच्या अलीकडे एकच स्वरसमूह ठेवतो, आणि सम उजळते. ही संगत करणाऱ्याची अक्कल आहे. ती तबलजीला असते, पेटीवाल्याला असते, आणि जगात कुठंही गेलं तरी तिची किंमत उजव्या हाताच्या चमकदारपणाहून कमीच लावली जाते.

२००८ साली दोन तबकड्या निघाल्या. माइल्स डेव्हिस यांच्या जुन्या सहकाऱ्यांना भारतीय वादकांबरोबर बसवणारी 'माइल्स फ्रॉम इंडिया', आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांची 'फ्लोटिंग पॉइंट'. दोन्हींत लुई बँक्स होते आणि दोन्हींना ग्रॅमीची नामांकनं मिळाली. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. २०१० च्या प्रजासत्ताक दिनी 'फिर मिले सुर' आलं, त्याच्या संगीतामागेही तेच होते. पण ते लांबलं, आणि तोवर टीव्हीवर शंभर वाहिन्या होत्या, ओसरीवर कुणी बसत नव्हतं. त्यांचा मुलगा जिनो ड्रम वाजवतो, बापाबरोबरही वाजवतो. जॉर्ज, लुई, जिनो अशी ही तिसरी पिढी.

माझा पुतण्या गावातल्या पोरांच्या पार्टीत कॅसिओ वाजवतो. हळदी, नवरात्र, गणपती, सगळीकडे त्यांची पार्टी असते. त्या यंत्रात सोय अशी की एक बटण दाबलं की डाव्या हाताचं सगळं काम यंत्रच करतं, ठेक्यासकट. पोरानं एक बोट ठेवायचं आणि उरलेला हात वर करून लोकांना नाचवायचं. मी त्याला ते बटण बंद करायला लावलं. "काका, मग पार्टी कोन बोलावन?" असं तो म्हणाला. पार्टीत हवं ते कर, घरी बंद ठेव, इतकंच मी सांगितलं. कपाशीची वेचणी आटोपली की संध्याकाळी तो येतो. त्याला लुई बँक्स ऐकवले. पहिल्या दिवशी कंटाळला. दुसऱ्या खेपेला त्यानं विचारलं की हा माणूस एवढा थांबतो कशाला, आणि मला बरं वाटलं, कारण थांबणं त्याला ऐकू आलं होतं.

आता आम्ही भैरवीवर आहोत. मंडळाचं भजन भैरवीनं संपतं, ती चाल त्याच्या उजव्या हातात लहानपणापासून बसलेली आहे. डाव्या हातानं तो षड्जावर सा, कोमल ग, प धरायला शिकला, मग कोमल धैवतावर ध, सा, ग. चाल कोमल ऋषभावर आली की मात्र तो अडायचा. खाली काय ठेवू, सगळंच कडू लागतं म्हणायचा.

"ऋषभावरच बांध," मी सांगितलं. "कोमल रे, मध्यम, कोमल धैवत. तिन्ही भैरवीतलेच आहेत."

त्यानं दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं, आणि वरची चाल घेतली. खाटेवरून मोठेबाबा म्हणाले, "चालते हे. पन ऋषभ लय धरू नको, सोड अन् सा वर ये."